तेलाचा डबा किती दिवस पुरतो?

धुळे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. नाव-गाव देत नाही. वय ४४, उंची पाच फूट दोन इंच, वजन ७१ किलो. घर माळकरी, त्यामुळे मांस-मासे तर सोडाच, अंडंही घरात कधी आलेलं नाही. तीन वर्षांपासून त्या रोज पहाटे साडेपाचच्या योगवर्गाला जातात, थंडी असो की पाऊस. तरी या तीन वर्षांत वजन सहा किलोंनी वाढलं. वर्गातले गुरुजी म्हणतात, "मन लावून केलं असतं तर उतरलंच असतं." यजमान म्हणतात, योग सोड आणि जिम लाव. जिममधल्या मुलाने सांगितलं, रोज चार अंडी खाल्ल्याशिवाय काही होणार नाही. गेल्या २१ जूनला शाळेत योगदिनाची प्रात्यक्षिकं करून दाखवताना मागून एका सहकारी बाईंचा आवाज आला, "रोज योगा करून अशा, तर न करता कशा असत्या!" तेव्हापासून मुलांसमोर आसन करायचा त्यांना संकोच वाटतो. त्या विचारतात: "मी शाकाहारी आहे, योग नियमित आहे, उपास पाळते, बाहेरचं खात नाही. मग वजन का उतरत नाही? योग सोडू का? माळ उतरवून अंडी खाऊ का? की खोट माझ्यातच आहे?"

ताई,

तुमचं पत्र चार पानी आहे. त्यातला शेवटचा प्रश्न मी तीनदा वाचला आणि उत्तराची सुरुवात तिथूनच करते. खोट तुमच्यात नाही. तीन वर्षं पहाटे पावणेपाचला उठून, घरच्यांचा चहा झाकून ठेवून, अंधारात वर्गाला जाणाऱ्या बाईला "मन लावून करत नाही" म्हणणं हा अन्याय आहे. गुरुजींचा हेतू चांगला असेल, पण वजनाचा काटा कुणाची श्रद्धा मोजत नाही. शरीरात किती गेलं आणि त्यातलं किती खर्च झालं, एवढंच त्याला कळतं. त्यामुळे आपणही आधी तेवढंच बघू या. मनाचं नंतर बोलू.

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी तुम्ही गृहीत धरल्या आहेत. योग केला की वजन उतरतं ही एक, आणि शाकाहार म्हणजे हलका आहार ही दुसरी. आपल्या भागात शंभरातल्या नव्वद जणी हेच धरून चालतात, म्हणून या दोन्हींवर जरा सविस्तर लिहिते.

आधी योग. तुम्ही वर्गाचा क्रम लिहिलाय: प्रार्थना आणि ओंकार, मग मान-खांदे मोकळे करणं, सहा-सात आसनं, कपालभाती, अनुलोम-विलोम आणि शेवटी शवासन. एकूण पाऊण तास. अशा शांत योगवर्गात शरीर बसून असताना खर्च करतं त्याच्या साधारण अडीचपट ऊर्जा खर्च होते. तुमच्या वजनाच्या बाईचा हिशेब केला, तर नुसतं बसून राहण्यापेक्षा त्या पाऊण तासात ऐंशीएक कॅलरी जास्त जातात. दोन चमचे साखर घातलेला दुधाचा एक चहा प्यायला की ती वजावट भरून निघते. हे ऐकून वाईट वाटून घेऊ नका. योग यासाठी जन्मलाच नव्हता. कंबर मोकळी राहते, श्वास लांबतो, रक्तदाबाला मदत होते, चिडचिड कमी होते. गेल्या तीन वर्षांत पाठदुखीची गोळी घ्यावी लागली नाही, असं तुम्हीच लिहिलंय. ती योगाची कमाई आहे आणि ती खरी आहे. वजन उतरवायचं ओझं आपण त्याच्या खांद्यावर उगाच टाकलं.

कपालभातीने पोटाची चरबी जळते हेही वर्गात सांगितलं जातं. कपालभातीत पोटाचे स्नायू आणि श्वास यांना व्यायाम होतो, पण पोटाला झटके दिले म्हणून पोटावरचीच चरबी वितळत नाही. चरबी कुठून आधी जाईल हे शरीर ठरवतं. तुम्हाला रक्तदाब असेल किंवा हर्निया असेल, तर जोराने कपालभाती करण्याआधी डॉक्टरांना विचाराच.

तुमच्या पत्रातल्या एका ओळीवर माझी नजर अडली. तुम्ही ती सहज लिहून गेलात. तीन वर्षांपूर्वी तुमची बदली गावातल्याच शाळेत झाली. त्याआधी एसटीने फाट्यावर उतरून शाळेपर्यंत दोन किलोमीटर पायी जायचं आणि संध्याकाळी तेवढंच परत. आता स्कूटी आहे, पाच मिनिटांत शाळा. म्हणजे ज्या वर्षी योग सुरू झाला, त्याच वर्षी रोजचं चार किलोमीटर चालणं सुटलं. त्या चालण्यात बसून राहण्यापेक्षा सव्वाशे ते दीडशे कॅलरी जास्त जात होत्या, योगवर्गाच्या जवळजवळ दुप्पट. त्याची कुणी मोजदाद ठेवली नाही, कारण त्याला कुणी व्यायाम म्हणत नव्हतं. वाढलेल्या सहा किलोंचा एक मोठा धागा मला इथेच दिसतो.

आता शाकाहार. तुम्ही अभिमानाने लिहिलंय की घरात पाम तेल येत नाही, घाण्याचं शेंगदाणा तेल येतं, पंधरा किलोचा डबा आणतो आणि दोन महिन्यांनी नवा लागतो. चांगलं तेल आणता याचं मला कौतुकच आहे. पण ताई, हा हिशेब जरा कागदावर मांडा. घरात माणसं चार: तुम्ही, यजमान, सासूबाई आणि बारावीतला मुलगा. पंधरा हजार ग्रॅम तेल, साठ दिवस, चार माणसं. माणशी दिवसाला साडेबासष्ट ग्रॅम. एक ग्रॅम तेलात नऊ कॅलरी असतात, मग ते घाण्याचं असो वा पिशवीतलं. म्हणजे प्रत्येकाच्या पोटात नुसत्या तेलातून रोज साडेपाचशेच्या वर कॅलरी जातात. थोडं तेल कढईत उरतं, काही टाकलं जातं, पाहुणे येतात, हे सगळं धरलं तरी आकडा फार खाली येत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने बैठं काम करणाऱ्या बाईसाठी वरून घालायच्या तेल-तुपाचं प्रमाण दिवसाला वीस ग्रॅमच्या आसपास सांगितलेलं आहे. आपण त्याच्या तिप्पट खातो. आणि हे तुमच्या एकटीच्या घरचं नाही. मीही याच मातीतली आहे. शेवभाजीवर लाल तर्री आली नाही तर ताटावरून उठणारी माणसं मी लहानपणापासून बघितली आहेत.

आपलं जेवण शाकाहारीच असतं. वरण-बट्टीतली तळलेली बट्टी आणि वर तूप, भरताबरोबरच्या पुऱ्या, डुबुकवडे, पाटोडीचा रस्सा, खिचडीवर ओतलेलं गरम तेल, बैठकीला शेव आणि केळीचे वेफर्स. यात मांसाचा कणही नाही, तरी शंभर ग्रॅम शेवेत किंवा वेफर्समध्ये पाचशेच्या वर कॅलरी असतात. एका केळ्यात मात्र शंभर-सव्वाशे. शिरपूरकडे केळी पिकतात आणि तुम्ही वजनाच्या भीतीने केळं सोडलंत, पण वेफर्सचा डबा घरात तसाच राहिला. केळं परत सुरू करा, रोज एक. वेफर्स सणासुदीला येऊ द्या.

हेच भाकरीचं. तुम्ही पोळी सोडून ज्वारीवर आलात, कारण ज्वारीने वजन उतरतं असं ऐकलंय. ज्वारी चांगलीच आहे, चोथा चांगला मिळतो, पोट भरल्यासारखं वाटतं. पण गव्हाच्या आणि ज्वारीच्या पिठातल्या कॅलरी जवळपास सारख्याच. आपल्या हातावर थापलेली जाड भाकरी दोन फुलक्यांना भारी पडते. तुम्ही रात्री दोन भाकरी खाता, तर धान्य चार फुलक्यांचं झालं. एक भाकरी आणि भाजी दुप्पट, असं करून बघा.

तेल कमी करायचं कसं, हा खरा प्रश्न आहे, कारण चूल तुमची एकटीची नाही. सासूबाईंचं वाक्य तुम्ही जसंच्या तसं लिहिलंय: "तर्री नही ते ती भाजी कसानी?" त्यांच्याशी वाद घालू नका. शेतात उन्हातान्हात राबणाऱ्या माणसांसाठी ते जेवण होतं. दिवसभर निंदणी-कोळपणी केलेल्या शरीराला ते तेल लागायचं आणि पुरायचं. त्यांचं चुकलेलं नाही, काम बदललं आहे. तुमच्या घरात आता शेतात रोज जाणारं कुणीच नाही.

स्वतःसाठी वेगळी, बिनतेलाची भाजी शिजवू नका. नोकरी करणारी बाई दोन-दोन भाज्या किती दिवस करणार? आठ-पंधरा दिवसांत ती कंटाळते, आणि ताटात आपल्यापुढे फिकी भाजी नि बाकीच्यांपुढे झणझणीत, हे कुणालाच सोसत नाही. सगळ्यांचंच तेल हळूहळू उतरवा, आणि त्याचा गाजावाजा करू नका. डब्यातून थेट पळीने तेल घेणं बंद करा. दर सोमवारी आठवड्याचं तेल एका बाटलीत काढून ठेवा. सध्या तुमच्या घरी आठवड्याला पावणेदोन किलो लागतं. पहिला महिना दीड किलो काढा, पुढच्या महिन्यात सव्वा. चार-पाच महिन्यांनी पाऊण लिटरच्या बाटलीत आठवडा निघायला लागला, की माणशी पंचवीस ग्रॅमवर आलात. बाटली शुक्रवारी संपली तर शनिवार-रविवार भाजलेलं, उकडलेलं आणि कढीचं करायचं.

चवीसाठी एक सांगते. आपली चव तेलात कमी आणि भाजण्यात जास्त आहे. कांदा आणि खोबऱ्याचा छोटा तुकडा आचेवर काळा होईस्तोवर भाजा, काळा मसाला ताजा वापरा, दोन चमचे तेल चांगलं तापवून त्यात वाटण दमाने परता आणि वरून कडकडीत पाणी थोडं थोडं घाला. रंग येतो आणि थोडी तर्रीही येते. भरताचं तर काय सांगावं! कपाशीच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजली, हिरव्या मिरच्या आणि पातीचा कांदा घालून ती ठेचली की तेलाशिवायच ते खमंग लागतं. फोडणी वाटीने न घालता चमच्याने घाला, पुऱ्यांच्या जागी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाची भाकरी घ्या. याहून चांगलं वजन उतरवायचं जेवण मला माहीत नाही.

कळण्याचं नाव निघालं तर अंड्याकडे वळते. जिमच्या मुलाने सांगितलं त्यात अर्धं खरं आहे. वजन उतरताना प्रथिनं कमी पडली तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, थकवा येतो, भूक सारखी लागते. चाळिशीनंतर स्नायू तसेही हळूहळू कमी होत असतात. म्हणून प्रथिनं हवीतच. पण ती अंड्यातूनच हवीत हे काही खरं नाही. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं असतात. मूठभर कोरड्या डाळीचं, म्हणजे तीस ग्रॅमचं, घट्ट वरण केलं तर त्यात सात असतात. गोम घट्ट या शब्दात आहे. आपल्या घरात एवढीशी डाळ चार जणांत पाणी घालून वाढवली जाते आणि बाईच्या ताटात शेवटी वरचं पाणीच येतं.

प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात असं पोषण संस्थेचं प्रमाण आहे. तुमच्यासाठी रोज पन्नास ते साठ ग्रॅम धरू. आता आपल्याच स्वयंपाकघरात बघा. कपभर दुधातून सहा. दुपारी कळण्याची भाकरी आणि सालीच्या उडदाची घट्ट डाळ, दोन्ही मिळून पंधरा. शाळेतून आल्यावर फरसाणाऐवजी मूठभर फुटाणे, सहा. एक मोठी वाटी दही, पाच. रात्री फुनके आणि कढी. माणशी अर्धी वाटी तुरीची डाळ भिजवून, जाडसर वाटून, वाफवलेले फुनके म्हणजे दहा-अकरा ग्रॅम प्रथिनं आणि तळण अजिबात नाही. वर दोन फुलक्यांतून सहा-सात. पन्नाशी गाठली की नाही? फुनके नसतील त्या दिवशी मठाची किंवा हुलग्याची उसळ, कधी पनीर, कधी सोयाबीनच्या वड्या. ज्वारीत लायसिन हे एक प्रथिन-घटक द्रव्य कमी असतं आणि उडदात ते भरपूर असतं, म्हणून दोन्ही एकत्र दळलेला कळणा एकट्या ज्वारीपेक्षा शरीराच्या जास्त कामी येतो. आपल्या आज्या हे विज्ञान शिकल्या नव्हत्या, पण त्यांची भाकरी बरोबर होती.

तेव्हा माळ उतरवायची गरज नाही. उद्या तुम्हालाच आतून अंडं खावंसं वाटलं तर तो तुमचा निर्णय, त्यात पापपुण्य मी शोधणार नाही. पण जी गोष्ट तुम्ही श्रद्धेने जपली आहे ती वजनाच्या भीतीपोटी मोडू नका. एका बाबतीत मात्र शाकाहारी माणसाने सावध असावं, ते म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व. धान्य-डाळी-भाज्यांत ते जवळपास नसतंच. दूध-दह्यातून थोडं मिळतं. हातापायांना मुंग्या, सततचा थकवा, विसरभोळेपणा जाणवत असेल तर तपासून घ्या. कमी निघालं तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्या.

उपासांबद्दल थोडं स्पष्ट बोलते, राग मानू नका. तुम्ही गुरुवार करता, दोन्ही एकादश्या करता आणि श्रावणात सोमवारही. महिन्यातले सहा-सात दिवस झाले. या दिवशी काय खाता तेही लिहिलंय: सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी बटाट्याचा चिवडा, रात्री पुन्हा खिचडी किंवा वडे. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट असतो. प्रथिनं नावालाच. त्यात दाण्याचा कूट, तेल-तूप आणि तळलेला बटाटा. "एकादशी आणि दुप्पट खाशी" हे आपल्या लोकांनी उगाच म्हटलेलं नाही. उपास ठेवा, फराळ बदला. भगर आणि दाण्याची पातळ आमटी, ताक, दही, राजगिऱ्याची भाकरी, एक-दोन फळं, आणि एक वेळ खरोखर निरंक. हठयोगाच्या परंपरेत मिताहार सांगितला आहे. पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवून जेवावं, असा त्याचा अर्थ. तुमच्या वर्गात आसनं शिकवतात, हा भाग कुणी शिकवत नाही असं दिसतं. तुमच्या तीन वर्षांच्या साधनेत हीच एक गोष्ट राहून गेली असावी.

आणखी दोन लहान गळती. दिवसाला चार-पाच चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे साखरेच्याच दीडशे-दोनशे कॅलरी. चहा दोनवर आणा, साखर एक चमचा. दुसरी गळती जास्त जिव्हारी लागणारी आहे. तुम्ही सगळ्यांच्या शेवटी जेवता आणि पातेल्यात उरलेलं "टाकायचं कसं" म्हणून संपवता. ताई, उरलेली अर्धी भाकरी उद्या कुस्करून नाश्त्याला येईल, भाजी डब्यात जाईल, गाईला घालता येईल. तुमचं पोट म्हणजे घरातलं शेवटचं पातेलं नव्हे. जमेल तेव्हा सगळ्यांबरोबर बसा आणि स्वतःचं ताट आधीच वाढून घ्या.

आता झोपेबद्दल, कारण याकडे तुमच्या घरात कुणाचंच लक्ष नाही. मुलाचा अभ्यास, ओटा आवरणं, दुसऱ्या दिवसाचं निवडणं-टिपणं, यात साडेअकरा वाजतात. उठता पावणेपाचला. म्हणजे पाच-सव्वापाच तासांची झोप, तीन वर्षं. अपुऱ्या झोपेने भूक वाढते आणि गोड-तळलेल्याची ओढ लागते, हे वैद्यकशास्त्राला चांगलं ठाऊक आहे. वर्ग आठवड्यातून चारच दिवस करा. उरलेले तीन दिवस सहापर्यंत झोपा आणि पंधरा मिनिटं घरीच सतरंजी टाका. आणि घरातल्या दोन पुरुषांपैकी कुणीतरी ओटा आवरू दे. त्याने तुमची अर्धा तास झोप वाढेल, म्हणून हेही औषधातच धरा.

एवढं सुरू करायच्या आधी किंवा बरोबरच एकदा रक्ताची तपासणी करा: थायरॉइडसाठी टीएसएच, साखरेसाठी एचबीए१सी, हिमोग्लोबिन आणि बी-१२. पाळी अनियमित झाली आहे असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. या वयात ते होऊ शकतं, पण डॉक्टरांना सांगा. थायरॉइडचं काम मंदावलेलं निघालं तर नुसत्या पथ्याने भागणार नाही, गोळी लागेल. तीही खोट नव्हे.

जिमचं विचारलंत. जायची आवड असेल आणि घराजवळ असेल तर जा, त्यात काही वाईट नाही. पण जिमला जाण्यासाठी योग सोडायची गरज नाही. तुम्हाला हवंय ते दोन गोष्टींतून मिळेल. पहिली, ते चार किलोमीटर परत आणा. शाळा जवळ आहे तर स्कूटी घरी ठेवा, संध्याकाळी जेवणाआधी अर्धा तास भराभर चाला, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी केव्हाच ओलांडतो, तेव्हा एप्रिल-मेमध्ये चालणं सूर्य उगवण्याआधी किंवा दिवे लागल्यावरच, आणि बरोबर पाणी. दुसरी, स्नायूंना जोर द्या. त्यासाठीही योगात बरंच आहे. उत्कटासन, वीरभद्रासन, नौकासन, फलकासन, सेतुबंधासन. ही आसनं मनात तीस मोजेपर्यंत धरा, दोन-तीनदा करा. शवासन पाच मिनिटं पुरे. सूर्यनमस्कार सहापासून सुरू करा आणि दर आठवड्याला दोन वाढवा, दम लागेल इतका वेग ठेवा. गुडघा दुखत असेल तर उत्कटासनाऐवजी खुर्चीवर हात न टेकता उठबस करा. गुरुजींना सांगा, आठवड्यातले दोन दिवस वर्ग असा घ्या. वर्गातल्या इतर बायकाही याच अडचणीत असणार.

सणांचं म्हणाल तर त्या दिवशी हिशेब ठेवू नका. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेलात की खापरावरची पुरणपोळी आणि आमरस मन भरून खा. कानबाईचे रोट हा प्रसाद आहे, तो कुणी मोजून खात नाही. वर्षातल्या अशा दहा-बारा दिवसांनी वजन वाढत नाही. ते वाढतं उरलेल्या साडेतीनशे दिवसांच्या साध्या जेवणाने, आणि उतरतंही त्यानेच.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवण एकदम कमी करू नये, साखर धोकादायक उतरू शकते. औषधाची मात्रा आधी डॉक्टरांकडून बदलून घ्यावी. पुरुषांनी काट्यापेक्षा कंबर मोजावी. आपल्या लोकांत हातपाय काटकुळे आणि पोट पुढे असं बऱ्याचदा दिसतं, आणि काटा तेव्हा खोटा धीर देतो. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषाची ९०च्या आत असावी. दूधही न घेणाऱ्यांनी बी-१२ची गोळी टाळू नये. आणि ज्यांचं वजन मुळात योग्य आहे, फक्त लग्नातल्या फोटोसाठी पाच किलो उतरवायचेत, त्यांनी या पत्रातलं तेल आणि झोप एवढंच घ्यावं, जेवण कमी करू नये.

ताई, किती उतरेल आणि कधी? तेल पंचवीस ग्रॅमवर आलं की रोज तीनशेच्या वर कॅलरी वाचतात, चालण्याच्या सव्वाशे-दीडशे, साखरेच्या शंभर. कागदावर हे महिन्याला दोन किलो दिसतं. प्रत्यक्षात तेल हळूहळू उतरतं, मध्ये लग्नसराई येते, आजारपण येतं, म्हणून एक किलो धरा. कधी महिनाभर काटा हलणारही नाही, तेव्हा साडीच्या निऱ्यांकडे आणि कंबरेच्या मापाकडे बघा. पहिल्या सहा महिन्यांत साडेतीन-चार किलो गेले, तरी ते वजनाचे पाच टक्के होतात. एवढ्यानेच साखर, रक्तदाब आणि गुडघे यांना फरक जाणवतो. त्यानंतरचं पुढे बघू. वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी उपाशीपोटी करा.

आणि २१ जून. तुम्ही लिहिलंय, यंदा कुणी दुसऱ्या बाईंना पुढे करावं असं मुख्याध्यापकांना सांगणार आहे. सांगू नका. पाचवी-सहावीच्या त्या वर्गात तुमच्यासारख्या अंगाच्या मुली आहेत, ज्या पीटीच्या तासाला मागच्या रांगेत लपतात. आपल्या बाईंना पुढे उभं राहून, श्वास न अडखळता वृक्षासन करताना त्या बघतील. तीन वर्षांच्या पहाटा तुमच्या पायात आहेत, तुमचा तोल त्या गावात कुणापेक्षा कमी नाही. मागून आवाज आला तर येऊ द्या.

आता घरातला डबा संपत आला असेल. नवा उघडाल त्या दिवशी झाकणावर कोळशाने किंवा पेनाने तारीख लिहून ठेवा. संपेल त्या दिवशी दुसरी तारीख लिहा. मला वजन नाही कळवलं तरी चालेल. डबा किती दिवस पुरला, तेवढं कळवा.